साखरेचा हिशेब आणि आईची आठवण

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षावास चालू होता. आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि वाचनाआधी माझी आई सर्वांकडून त्रिसरण-पंचशील म्हणवून घेई. आई शाळेत एक दिवसही गेलेली नाही. पण वंदना, गाथा आणि लग्नाकार्यात म्हणावयाची कितीतरी गाणी तिला तोंडपाठ. चाळीस वर्षे हे काम तिच्याकडे होते. त्या दिवशी पंचशील म्हणताना ती तिसऱ्या शीलावर अडखळली, थांबली आणि पुन्हा पहिल्याकडे वळली. पाठीमागच्या बायांनी सांभाळून घेतले. कोणी काही बोलले नाही. घरी येताना आई मला एवढेच म्हणाली, "बापू, आज मायं ध्यान कुठी गेलं होतं कोनास ठाऊक."

पुढे वरणात दोनदा मीठ पडू लागले. किराणा दुकानातून घरी येण्याचा रस्ता ती एकदा चुकली. दुपारी आलेल्या पाहुण्याचे नाव संध्याकाळी आठवेना. शेजारीपाजारी म्हणाले, "म्हातारपन हाय, असंच असते." कोणी कानात सांगितले, "बाहेरचं पाहा काही." एका खासगी डॉक्टरांनी नाडी पाहून, "वय झालं," म्हणून बोळवण केली. मीही गप्प बसलो. कारकुनी करणारा माणूस मी, कचेरीत एका रुपयाची तफावत सापडेपर्यंत उठत नाही. पण आईच्या बाबतीत एवढी मोठी तफावत दिसत असून मी खाते तपासले नाही. या चुकीची कबुली द्यावी आणि तुमच्या घरी ती होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

त्या पहाटे काय झाले

दिवाळीच्या सुट्टीतली पहाट होती. आमच्या मंडळीने मला हलवून उठवले. "उठा, आत्याबाई कशातरी करतात." आई खाटेवर बसली होती. अंगावरचे लुगडे घामाने भिजलेले, हात थरथरत होते. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोन व्हय रे तू? माह्या पोराले बलाव."

वाचकहो, हे शब्द मी अजून विसरलो नाही.

गल्लीतली माणसे जमली. कोणी लिंबू आणायला धावले. सुदैवाने चार घरे पलीकडे आमच्या आशाताई राहतात. त्या साखर तपासायचे यंत्र घेऊन आल्या आणि बोटाला सुई टोचून पाहिले. आकडा आला ४८. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर साधारण ७० ते १०० असते. ताईंनी विचारले, "आई गिळू शकते ना?" मग पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर घालून हळूहळू पाजली. पंधरा मिनिटांत आईने डोळे वर केले आणि मला म्हणाली, "तू कवा उठला?"

नंतर खरे कारण उलगडले. आईला साताठ वर्षांपासून मधुमेह. साखर जोरात उतरवणारी गोळी चालू होती. संध्याकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवले नाही, म्हणून तिने ती दुसऱ्यांदा घेतली. वरून, भूक नाही म्हणून जेवली अर्धी भाकर. साखर बिघडल्यामुळे आठवण बिघडते हे मी पुढे शिकलो. पण आठवण बिघडल्यामुळे साखर बिघडते, हे त्या पहाटे डोळ्यांनी पाहिले. हे दुहेरी चक्र आहे. एकीकडून धरले नाही तर दुसरीकडून फिरत राहते.

साखरेचा मेंदूशी काय संबंध?

आपण समजतो की शुगर म्हणजे पायाची जखम, डोळा आणि किडनी. मेंदूचे नाव कोणी घेत नाही. पण विचार करा. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. तरी हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. म्हणजे रक्ताच्या वाहिन्यांवर सर्वांत जास्त भिस्त असलेला अवयव हाच.

रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की बारीक वाहिन्यांची आतली भिंत खराब होते. ज्या कारणाने डोळ्याच्या पडद्याला इजा होते, त्याच कारणाने मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या वाहिन्या बंद पडू लागतात. मोठी वाहिनी बंद पडली तर लकवा मारतो आणि सर्वांना दिसतो. बारीक वाहिनी बंद पडली तर कोणाला काही कळत नाही. एवढाच फरक पडतो की माणूस हिशेब हळू करतो, बोलताना शब्द शोधतो, एका वेळी दोन कामे धरू शकत नाही. असे बारीक घाव साठत जातात. त्यात रक्तदाब असेल, तंबाखू-विडी असेल, तर घाव दुप्पट वेगाने पडतात असे समजा.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हा ते फक्त रक्तातली साखर पेशींत पोचवते असे वाटत होते. आता माहीत झाले आहे की मेंदूच्या पेशीही इन्सुलिनचा निरोप ऐकतात आणि आठवणी साठवण्याच्या कामात त्याचा वाटा आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मेंदूतही तसेच घडत असावे आणि त्यामुळे विस्मृतीच्या आजारात साठणाऱ्या प्रथिनांचा निचरा नीट होत नसावा, असे बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटते. या भागावर अजून संशोधन चालू आहे. वाहिन्यांचा भाग मात्र पक्का आहे.

आकडे काय सांगतात

बी.कॉम. झालेल्या माणसाला आकड्याशिवाय चैन पडत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ५५ वर्षांवरील सहा हजारांहून जास्त लोकांवर पाळत ठेवण्यात आली. १९९९ साली निष्कर्ष छापून आला. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका, मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट.

"दुप्पट" ऐकून घाबरू नका. त्या ६,३७० लोकांपैकी सुमारे दोन वर्षांत स्मृतिभ्रंश झाला १२६ जणांना. म्हणजे शंभरात दोन. लहान आकड्याची दुप्पट केली तरी ती सर्वांना गाठत नाही. शुगर असलेल्या प्रत्येकाची बुद्धी जाते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. धोका वाढतो, आणि वाढलेला धोका कमी करता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा अभ्यास लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतला आहे. तेथील कारकून आणि अधिकारी अशा दहा हजारांवर नोकरदारांची नोंद १९८५ पासून ठेवली गेली. २०२१ साली त्यातून दिसले की ज्यांना मधुमेह कमी वयात जडला त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक. वयाच्या सत्तरीला ज्यांचा मधुमेह दहा वर्षांहून जुना होता, त्यांचा धोका दुपटीहून थोडा जास्त. नुकताच जडलेल्यांत असा ठळक फरक दिसला नाही. तात्पर्य, चाळिशी-पन्नाशीत शुगर निघाली आणि "अजून काही त्रास नाही" म्हणून दुर्लक्ष केले, तर त्याचे व्याज सत्तरीत भरावे लागते.

आपल्या देशाचे चित्र पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचा निकाल २०२३ मध्ये आला. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी दुसऱ्या राष्ट्रीय अभ्यासातून दिसले की साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना, स्मृतिभ्रंश आहे. यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांचे शहरांपेक्षा जास्त आणि शाळा न शिकलेल्यांचे शिकलेल्यांपेक्षा जास्त.

स्त्री, खेडे आणि शाळा नाही. या तीन शब्दांत माझी आई बसते. तुमचीही बसत असेल.

हा श्रीमंतांचा रोग नव्हे

"आपण कष्टकरी माणसं, आपल्याला कुठली शुगर?" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकतो. माझा थोरला भाऊ असाच म्हणे. अंगाने काटकुळा, दिवसभर हमाली. त्याला बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा आम्ही चकित झालो.

याचे उत्तर पुण्यात सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांना दिसले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, हातापायांवर मांस कमी असते, पण चरबीचा वाटा मात्र त्या मानाने जास्त असतो. बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार. अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. आईच्या पोटात असताना पोषण कमी पडले की शरीर काटकसरीने घडते, आणि पुढे भरपूर साखर-मैदा मिळाला की तेच शरीर त्यापुढे हार खाते.

नेदरलँड्समध्येच १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या काळात, मोठी उपासमार झाली. त्या वेळी जे आईच्या पोटात होते त्यांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांचे शरीर साखर पचवण्यात कमी पडते असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे वाचले तेव्हा मला आपला १९७२ चा दुष्काळ आठवला. माझी आई तेव्हा विशीत होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. थोरला भाऊ त्याच्या पुढच्या वर्षी जन्मला. त्या दोन-तीन वर्षांत जन्मलेली हजारो माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांनी अंगाने बारीक असलो तरी साखर तपासून घ्यावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

खाणेही बदलले. आपल्या वाशीम जिल्ह्यात घरोघर ज्वारी होती. शेतात सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तोच ताटात येतो. आणि चहा! हिशेब करा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. वर्षाला १८ किलो साखर एक माणूस नुसत्या चहातून पोटात घालतो.

बाबासाहेबांचा आजार

या रोगाने आपल्या सर्वांच्या बापालाच गाठले होते, हे आपण विसरतो. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना, १९४८ च्या सुमारास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेहाने जेरीस आणले होते. पायांच्या नसा दुखत, रात्र रात्र झोप लागत नसे. पुढे दृष्टीही मंदावली. पथ्यपाणी आणि औषध पाहायला डॉ. सविता आंबेडकर होत्या, तरी ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, बाबासाहेब आपल्यातून गेले. बुद्धी मात्र अखेरपर्यंत तल्लख राहिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम ते शेवटच्या दिवसांपर्यंत करीत होते. ग्रंथ निघाला १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात.

त्या काळी मधुमेहावर साधने किती थोडी होती पाहा. आज घरोघर दिसणारी मेटफॉर्मिनची गोळी फ्रान्समध्ये वापरात आली १९५७ साली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी तर त्याहून पुष्कळ नंतरची. घरी बसून बोटाच्या थेंबावर साखर पाहण्याचे यंत्र तेव्हा नव्हते. जी साधने बाबासाहेबांना मिळाली नाहीत, ती आज गावच्या दवाखान्यात मिळतात. ती न वापरता आपण घरच्या माणसाला "वय झालं" म्हणून सोडून द्यायचे काय?

शिकणे म्हणजे मेंदूची शिल्लक

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये सांगितले की जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारखे आहेत. त्यांनी १४ कारणे दिली. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, दारू, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बसून राहणे, ऐकू कमी येणे, नजर कमी होऊनही उपचार न करणे, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, दूषित हवा. आणि यादीत एक कारण असे आहे की ते वाचून मी थबकलो. लहानपणी शिक्षण न मिळणे.

ज्याला शिकायला मिळाले त्याच्या मेंदूत पेशींचे जाळे अधिक दाट विणले जाते. पुढे आजाराने त्यातले काही धागे तुटले तरी काम चालते. बँकेत शिल्लक असली तर एखाद्या महिन्याची तूट भरून निघते, तसेच हे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांची ही शिल्लकच पिढ्यान्‌पिढ्या हिरावून घेतली गेली. आपल्या लेकीबाळींना शिकवणे म्हणजे त्यांची म्हातारपणची आठवण राखणे होय, असे आता विज्ञानही म्हणते.

पण निराश होण्याचे कारण नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे चारही एकत्र केले. ज्यांनी हे केले त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली टिकली, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे साठीनंतरही शिल्लक टाकता येते. विहारातले ग्रंथवाचन, नातवाला पाढे विचारणे, नवी गाथा पाठ करणे, चारचौघांत बसणे, हे सर्व त्याच खात्यात जमा होते.

साखर कमी करण्याचा हट्टही वाईट

येथे एक सावधगिरीची सूचना. हे सगळे वाचून कोणी म्हाताऱ्या माणसाची साखर खाली ढकलण्याच्या मागे लागू नये. अमेरिकेत आणि कॅनडात सुमारे तीन हजार मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात २०११ साली दिसले की साखर अगदी कडक ठेवल्याने बुद्धीला जास्त फायदा झाला नाही. त्याआधी २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांवर वयस्क मधुमेहींच्या नोंदींतून दिसले की ज्यांची साखर इस्पितळात न्यावे लागेल इतकी घसरली होती, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झाला. मेंदू साखरेवरच चालतो. फार वाढली तरी त्याला इजा, फार घसरली तरी इजा.

म्हणून निरोगी मधुमेहीची एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवतात, पण वृद्ध, अनेक आजार असलेल्या किंवा विसरभोळ्या माणसाला ८ च्या आत असली तरी डॉक्टर चालवून घेतात. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर एकदम घसरू शकते. आपल्या वडीलधाऱ्यांची गोळी यांपैकी आहे काय, हे डॉक्टरांना विचारून घ्या. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका.

साखर घसरल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बरळणे. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग भाकर-पोळी खाऊ घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

विसरण्याची सर्व कारणे साखरेत नसतात

त्या पहाटेनंतर आईला मी सरकारी दवाखान्यात नेले. तपासणीत तिचे बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत हे कमी होऊ शकते, आणि जे मांस, अंडी, दूध कमी खातात त्यांच्यातही. बी-१२ कमी झाले की हातापायांना मुंग्या येतात आणि विस्मरणही होते, पण इंजेक्शन-गोळ्यांनी ते भरून काढता येते. थायरॉइड, नैराश्य, लघवीचा जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या, ऐकू न येणे यांमुळेही म्हातारा माणूस गोंधळलेला दिसतो. ही कारणे बरी होण्यासारखी आहेत. म्हणून तपासणी आधी, "म्हातारचळ" हा शिक्का नंतर.

आईची गोळी बदलली. बी-१२ दिले. मोतीबिंदू काढला. रक्तदाबाची गोळी लागू पडली. आज ती रस्ता चुकत नाही, मीठ एकदाच घालते. गेलेले सर्व परत आले असे मी म्हणणार नाही. तारीख तिला सांगता येत नाही, नव्या सुनेचे नाव विचारावे लागते. पण घसरण थांबल्यासारखी आहे, आणि मला ती ओळखते.

घरोघरी एक वही ठेवा

आम्ही घरी शंभर पानी वही केली. कीर्दीसारखे रकाने आखले. तारीख, साखर, रक्तदाब, सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, जेवण आणि शेवटी 'आज काय विसरली'. गोळी आता आईच्या हाताने नाही, नातीच्या हाताने दिली जाते आणि दिल्याबरोबर वहीत बरोबरची खूण होते. नातीला अक्षर लागले आहे, आजीला सोबत लागली आहे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की दहा प्रश्नांची उत्तरे एका पानात मिळतात.

आपण काय करावे ते थोडक्यात सांगतो. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने साखर आणि रक्तदाब तपासावा. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, आणि पुन्हा तपासूनही तेच आले तर मधुमेह समजावा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, येथूनच परत फिरता येते. रोज अर्धा तास झपझप चालावे. चहाची साखर निम्म्यावर आणावी. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपलेच अन्न पुन्हा ताटात आणावे. तंबाखू, खर्रा, विडी, दारू सोडावी. शुगर असलेल्या साठीपुढच्या माणसाची आठवण वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. करणी-भानामती, गंडादोरा यांत दिवस घालवू नयेत.

पैशाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने २०१० साली मधुमेह, हृदयरोग, पक्षाघात, कर्करोग यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे सहा जिल्हे निवडले त्यांत आपला वाशीम होता. तीस वर्षांवरील माणसांची घरोघर नोंद आणि तपासणी हे या कार्यक्रमाचे कामच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. गोळ्या संपल्या असतील तर हात हलवीत परत येऊ नका, कधी येतील ते विचारा, लेखी अर्ज द्या. मनाच्या आजाराविषयी विचारायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तोही मोफत.

आणि बंधूंनो, शेवटचे सांगणे. घरात विसरणारे माणूस असले की सर्व भार सुनेवर किंवा लेकीवर पडतो. त्याच त्या प्रश्नाचे उत्तर दिवसातून वीस वेळा देणे हे खडी फोडण्याइतकेच कष्टाचे काम आहे. भावांनी, मुलांनी आळीपाळीने त्यात वाटा उचलावा. विसरणाऱ्या माणसाला, "आत्ताच तर सांगितलं ना!" म्हणून खेकसू नये. तो मुद्दाम विसरत नाही.

यंदाच्या वर्षावासात आई पुन्हा पुढे उभी राहिली. या वेळी नात तिच्या शेजारी होती. तिसऱ्या शीलापाशी आई क्षणभर थांबली, नातीने हळूच पहिला शब्द दिला आणि पुढचे आईने स्वतः म्हटले. मागे सर्वांनी आवाज मिळवला.

आज घरी गेल्यावर आपल्या आईला, बापाला, सासूला, आजोबांना एवढेच विचारा, "साखर कधी तपासली होती?" उत्तर आठवत नसेल, तर उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांना घेऊन दवाखान्यात जा.

जयभीम.